क्रूझच्या खासगी बेटावरचा एक दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्या पुणेकरांसाठी

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये हल्ली दोनच विषय निघतात. पाणी किती वाजता येणार, आणि "मुलानं क्रूझ बुक केलीये हो, काय काय न्यायचं?" लेक-जावई अमेरिकेत, आईवडील सहा महिन्यांसाठी तिकडे, आणि चार रात्रींची फ्लोरिडाहून बहामाला जाऊन येणारी सहल, ही आता ठरलेलीच गोष्ट झाली आहे. मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा सगळं चुकलं, दुसऱ्यांदा बरंच जमलं. फोनवर तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच नीट लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक हिशेब डोक्यात ठेवा. जहाज बेटाला सकाळी आठच्या सुमाराला लागतं आणि संध्याकाळी साडेचार-पाचला निघतं. म्हणजे हातात आठ-नऊ तास. त्यातले पहिले दोन तास सोन्याचे. उरलेल्या वेळात तुम्ही आणि आणखी पाच हजार माणसं असता.

हे बेट असतं तरी काय

क्रूझ कंपनीनं विकत घेतलेला किंवा भाडेपट्ट्यानं घेतलेला किनारा. तिथे गाव नाही, बाजार नाही, हॉटेल नाही. उतरणारे सगळे त्याच कंपनीचे प्रवासी. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं १९७७ साली बहामातलं ग्रेट स्टिरप के हे छोटं बेट घेतलं आणि ही पद्धत सुरू झाली. त्याच्या शेजारचंच लिटल स्टिरप के म्हणजे रॉयल कॅरिबियनचं कोकोके. २०१९ मध्ये पंचवीस कोटी डॉलर ओतून त्यांनी त्याचं रूपडं पालटलं. डिस्नीचं कास्टअवे के १९९८ पासून चालू आहे. एमएससी क्रूझेस या कंपनीचं ओशन के ही पूर्वी वाळू उपसायची औद्योगिक जागा होती, ती साफसूफ करून २०१९ च्या अखेरीस किनारा म्हणून उघडली. कार्निव्हलची सेलिब्रेशन की जुलै २०२५ मध्ये सुरू झाली, पण ते वेगळं बेट नाही. ग्रँड बहामा या मोठ्या बेटाचाच एक तुकडा आहे. 'खासगी बेट' हा शब्द थोडा सैल हातानं वापरतात, एवढं लक्षात असू द्या.

सगळी बहामातच का, हा प्रश्न आमच्या ह्यांनी जहाजावरच्या एका कर्मचाऱ्याला विचारला होता आणि बिचारा गोंधळला होता. उत्तर अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यात आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजानं अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचं, तर वाटेत एका तरी परदेशी बंदराला टेकावं लागतं. क्रूझची बहुतेक मोठी जहाजं परदेशी झेंड्याचीच असतात आणि फ्लोरिडाला सगळ्यात जवळचा परदेश म्हणजे बहामा.

अमेरिका नको असेल, तर हिवाळ्यात दुबई-अबू धाबीहून निघणारी काही जहाजं सर बनी यास बेटावर समुद्रकिनाऱ्यासाठी थांबतात. पुण्याहून ते केव्हाही सोपं. पण पुढचं सगळं मी बहामा धरून लिहिते आहे, कारण मी तेच पाहिलं आहे.

कागद

इथे घाई नको. अमेरिकेचा व्हिसा 'मल्टिपल एंट्री' आहे ना, हे पासपोर्टावर डोळ्यांनी बघा. एंट्रीजच्या खाली एम असायला हवा. जहाज बहामाला टेकलं की तुम्ही अमेरिकेबाहेर गेलात. परत येताना ती दुसरी एंट्री धरतात. आणि परत आलात म्हणजे राहायला नवे सहा महिने मिळाले, असं मुळीच गृहीत धरू नका.

दुसरी गोष्ट मुलांच्या बाबतीतली, आणि ती मुलांनाही कधी कधी माहीत नसते. एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपलेला असेल आणि नुसता मंजुरीचा कागद चालू असेल, तर बहामाची क्रूझ करू नये. संपलेल्या शिक्क्यावर परत येऊ देण्याची जी सवलत आहे, ती एच-१बी साठी कॅनडा आणि मेक्सिकोपुरतीच आहे. जवळपासच्या बेटांची मुभा विद्यार्थ्यांच्या एफ आणि जे व्हिसाला आहे. तिकीट काढायच्या आधी जावयाला पासपोर्ट उघडून बघायला सांगा. जावई आहे म्हणून संकोच नको.

घरात कुणी गरोदर असेल तर बहुतेक कंपन्या चोविसाव्या आठवड्यापासून जहाजावर घेत नाहीत. सहा महिन्यांच्या आतलं बाळही चालत नाही.

बुकिंग करताना विचारायचे तीन प्रश्न

पहिला: जहाज थेट धक्क्याला लागतं की छोट्या होडीनं उतरवतात? या होडीला टेंडर म्हणतात. कोकोके, कास्टअवे के, ओशन के इथे धक्का आहे. जहाजातून उतरायचं आणि चालायला लागायचं. प्रिन्सेस केजसारख्या ठिकाणी टेंडर. टेंडर म्हटलं की रांग, टोकन आणि हलत्या होडीत पाय टाकणं आलं. शिवाय वारा वाढला की आधी तोच थांबा रद्द होतो. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर मी डोळे मिटून धक्क्याचंच बेट घेईन.

दुसरा: त्या दिवशी बेटावर किती जहाजं आहेत? कोकोकेच्या धक्क्याला दोन लागतात. 'आयकॉन ऑफ द सीज' हे एकटं जहाज एका खोलीत दोघं धरली तरी ५,६०० च्या वर माणसं आणतं. अशी दोन आली तर बेटाची तुळशीबाग होते. कोणत्या तारखेला कोणतं जहाज कुठे, याची वेळापत्रकं ऑनलाइन मिळतात. लेकीला शोधायला सांगा.

तिसरा: कोणता महिना? अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळ्यात वाईट. तेव्हा तिकिटं स्वस्त असतात, ती उगाच नाही. डिसेंबर-जानेवारीत हवा छान, पण पाणी पुणेकराला गार वाटेल. एप्रिल-मे मला सगळ्यात बरा वाटला.

आणखी एक. जहाज निघायच्या दिवशी सकाळी विमानानं पोहोचायचा बेत करू नका. पोर्ट कॅनव्हेरल हे ऑर्लँडो विमानतळापासून साधारण तासाभराच्या अंतरावर आहे, पण विमान तीन तास उशिरा आलं तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. आदल्या रात्री तिथे पोहोचायचं.

फुकट काय, पैसे कशाला

कंपन्यांचे ईमेल सुरू झाले की वाटतं, काही घेतलं नाही तर उभं राहायलाही जागा मिळणार नाही. तसं नाही. किनारा, आरामखुर्ची, बहुतेक ठिकाणी छत्री, दुपारचं जेवण, प्यायचं पाणी, लाइफ जॅकेट, ने-आण करणारी उघडी ट्राम, हे सगळं तिकिटात आलेलं असतं. कोकोकेचा ओअॅसिस लगून हा प्रचंड मोठा गोड्या पाण्याचा तलावही फुकटच आहे.

पैसे पडतात ते कबाना नावाच्या खासगी झोपडीला (काहीशे डॉलर, आम्ही नुसत्या बाहेरून पाहिल्या), वॉटरपार्कला, स्नॉर्केलच्या (मास्क आणि नळी लावून पाण्यातले मासे बघायच्या) सामानाला, दारूला आणि शहाळ्याला. हो, शहाळ्याला. कोकोकेच्या वॉटरपार्कमधली सगळ्यात उंच घसरगुंडी १३५ फुटांची आहे, आणि तिथे लिफ्ट नाही. पर्वती दम न लागता चढता येत असेल तरच त्या तिकिटाचे पैसे वसूल होतात. उंचीची अटही असते. नातवाला घरीच भिंतीला उभं करून मोजा, तिथे रडारड नको. वॉटरपार्क घ्यायचाच असेल तर घरूनच आधी बुक करा, बहुधा स्वस्त पडतो. दर रोज बदलतात. कमी झाला तर जहाज सुटायच्या आधी जुनं बुकिंग रद्द करून नवं घेता येतं.

बेटावर बहुतेक ठिकाणी रोख चालत नाही. जहाजाचं कार्ड तेच खोलीची किल्ली, तेच पाकीट, तेच ओळखपत्र. मुलांच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी काउंटरवर बंद करून घ्या. नाहीतर आमच्या नातवासारखं होईल. त्यानं दुपारभरात तीन सरबतं मागवली आणि प्रत्येकावर १८ टक्के टिप आपोआप लागली. टिपेवरून आठवलं: सगळ्या सहलीचीच सेवा-टिप दर माणशी दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलर असते. चार माणसं आणि चार रात्री म्हटलं तर अडीचशे ते सव्वातीनशे डॉलर झाले. हे तिकिटात धरलेत का, ते आधी बघा.

पुण्यात असतानाच करायची कामं

पोहता येत नसलं तरी बेटावर बिघडत नाही, पाणी कमरेएवढंच बरंच आत जातं. पण नाकातोंडात पाणी गेलं की घाबरून जाणं, हे मात्र तिथे जाऊन सुटत नाही. निघायच्या आधी दोन महिने टिळक टँकवर किंवा जवळच्या तलावावर जा आणि निदान डोकं पाण्याखाली घालून श्वास सोडायचं शिका. मालवण-तारकर्लीची सहल झाली तर तिथे एकदा स्नॉर्केलिंग करून बघा, पावसाळा सोडून. मास्क तोंडावर चढवल्यावर काय होतं ते आपल्या भाषेत समजावून सांगणारा माणूस तिथे असतो.

मास्कच्या दोन अडचणी कुणी सांगत नाही. एक, मिशी. मास्कची कड मिशीवर नीट बसत नाही आणि थेंब थेंब पाणी आत येतं. ह्यांच्या मिशा चाळीस वर्षं जुन्या, काढायचा प्रश्नच नव्हता. मग ओठावर मिशीच्या मुळाशी व्हॅसलिन चोपडलं, बरंच भागलं. दोन, चश्मा. चश्म्यावर मास्क बसत नाही, आणि चश्म्याशिवाय मासे दिसत नाहीत. नंबर मोठा असेल तर नंबराच्या काचेचा मास्क आधी मागवा, नाहीतर एक दिवसाच्या कॉन्टॅक्ट लेन्स घ्या. चश्मा घालून लाटेत जायचंच असेल तर त्याला मागून दोरी बांधा. माझा एक चश्मा बहामाच्या समुद्रात आहे.

मोबाइलसाठी पावसाळ्यात घेतो तोच प्लास्टिकचा पाऊच पुरतो, पण घरी तपासून घ्या. आत टिश्यू पेपरची घडी ठेवायची, पाऊच बंद करून बादलीत बुडवायचा, वर तांब्या ठेवून अर्धा तास विसरून जायचं. टिश्यू कोरडा निघाला तरच फोन आत घाला. आमच्या तीन पाऊचपैकी एक नापास झाला.

कपडे: घसरगुंड्यांवर आणि तलावात सुती पंजाबी ड्रेस, जीन्स, धातूची चेन किंवा बटणं चालत नाहीत. गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख आणि वर लांब बाह्यांचा टी-शर्ट, तोही पोहण्याच्या कापडाचा, हे डेक्कनवरच्या खेळाच्या दुकानांत मिळतं. कुणी तुमच्याकडे बघत नाही, हा माझा अनुभव. बाळासाठी पोहण्याचे वेगळे डायपर; साधे डायपर लावून तलावात उतरू देत नाहीत. पायात फ्लोटर्स.

खाऊ बंद पाकिटातलाच घ्या. भाकरवडी, चिवडा, खाकरे, ज्याला कंपनीचं सील आहे असं काहीही. घरचे डब्यातले लाडू कितीही चांगले असले तरी बेटावर उतरताना अडवू शकतात. जहाजावरची फळं खिशात घालून खाली न्यायची नाहीत, तशी मनाईच असते. अमेरिकेत शिरताना खाऊ जाहीर करायचा. जाहीर केलेल्या चिवड्यानं कुणाचं वाईट झालेलं नाही.

आदल्या संध्याकाळी

पिशवी भरून दाराशी ठेवा. जहाजाचे टॉवेल (परत आणायचे, नाहीतर खात्यावर पैसे लागतात), पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, टोप्या, सनस्क्रीन, गोळ्या, कोरडे कपडे, ओल्या कपड्यांसाठी एक प्लास्टिकची पिशवी. पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत. कार्ड गळ्यात.

फोन विमान मोडवर. हा खरं तर जहाजात पाय ठेवल्या ठेवल्या करायचा उद्योग आहे. समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, तुमचा फोन ते आपोआप पकडतो आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बसत नाही. फोन बंद म्हटल्यावर भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवायला हवी. आम्ही "साडेबारा, जेवणाच्या मांडवाची डावी बाजू" असं ठरवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी तुळशीबागेतल्या रामाच्या देवळापाशी भेटायचो तसंच हे.

निघायची वेळ पाहताना जहाज सुटायची वेळ पाहू नका. 'सगळ्यांनी जहाजावर' ही वेळ वेगळी लिहिलेली असते, ती अर्धा ते एक तास आधीची. टेंडर असेल तर शेवटच्या होडीची वेळ.

तो दिवस

पहिल्या सहलीत आम्ही जहाजावर सावकाश नाश्ता केला. लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि साडेदहाला उतरलो. सावलीतली एकही खुर्ची नव्हती. दिवसभर एका माडाच्या सावलीच्या मागे मागे खुर्च्या ओढत राहिलो, सावली पूर्वेला सरकत होती आणि आम्ही तिच्याबरोबर.

दुसऱ्या वेळी सात वाजता खाऊन पावणेआठला उतरायच्या दाराशी उभे होतो. आठ-दहाला बेटावर. आता इथे सगळ्यांची एकच चूक होते: धक्क्याजवळचा पहिला किनारा दिसला की तिथेच पथारी. तिथे थांबू नका. ट्राममध्ये बसा आणि शेवटच्या थांब्याला उतरा. तिथे सव्वाआठला आम्ही आणि दोन पेलिकन, एवढेच होतो.

सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले. त्यांना मऊ वाळूत चालणं जमणार नव्हतं. रुंद फुगीर चाकांची, वाळूत न रुतणारी व्हीलचेअर बऱ्याच बेटांवर फुकट मिळते. पण थोड्याच असतात, आणि आधी येईल त्याला. जावई उतरल्या उतरल्या तिकडे पळाला. त्या खुर्चीतून त्यांना पाण्याच्या कडेपर्यंत नेलं. एक लाट चाकांखालून गेली, त्यांनी नऊवारीचा घोळ वर धरला आणि म्हणाल्या, "पाणी कोमट आहे गं." एप्रिल होता.

पाण्यात उतराल तेव्हा पहिल्यांदा वाटेल, हा समुद्रच नाही. हरिहरेश्वर-गुहागरला आपण भरती-ओहोटी विचारून उतरतो, पाणी गढूळ, पायाखालची वाळू ओढली जाते. बहामात भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर. गाळ आणणाऱ्या नद्या नाहीत, म्हणून पाणी काचेसारखं. वाळूही वेगळी. आपल्या कोकणातली काळपट वाळू दुपारी पाय भाजते. तिथली चुन्याची पांढरी वाळू ऊन परतवून लावते, त्यामुळे पाय भाजत नाहीत.

आणि फसतात ते इथेच. पाय भाजत नाहीत, वारा गार, म्हणून ऊन लागतंय हे कळत नाही. आपण पुण्याचे, आपल्याला उन्हाचं काय, असं म्हणत ह्यांनी सनस्क्रीन फक्त नाकाला लावलं. रात्री पावलांची वरची बाजू आणि टक्कल दोन्ही टोमॅटोसारखं झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी बूट घालता येईना. ऊन वरून येतं तसंच वाळूवरून आणि पाण्यावरून उसळून खालूनही येतं. छत्रीखाली बसलात तरी लावायचं. झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ५० चं, खोलीतून निघताना एकदा आणि मग दर दोन तासांनी. पाण्यातून बाहेर आलात की पुन्हा. कान, मान, पावलं, केसांचा भांग. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा वाळूत घासत चाला. तळाशी स्टिंगरे मासा बसलेला असला तर तो आधीच सरकतो.

जेवण साडेअकराच्या आत उरका. साडेबाराला जी रांग लागते ती चितळ्यांच्या दुकानासमोरच्या सणासुदीच्या रांगेसारखी, फक्त सगळे ओले. मांसाहारी मंडळींची चैन असते: बर्गर, चिकन, बार्बेक्यू. शाकाहाऱ्यांना सॅलड, फळं, मक्याचं कणीस, बटाटे, आणि मागितलं तर भाज्यांचा बर्गर. मागितलं तरच, समोर ठेवलेला नसतो. त्याच तव्यावर भाजू नका, असं सांगितलं तर ऐकतात. भात आणि डाळीच्या दाण्यांचा एक पदार्थ दिसतो, बघून जीव भांड्यात पडतो, पण थांबा. बहामाच्या पारंपरिक पाककृतीत त्यात डुकराचं मांस घालतात. विचारल्याशिवाय पानात घेऊ नका.

एक युक्ती मात्र धक्क्याच्या बेटावरच चालते. जहाज समोरच उभं असतं आणि वरचं जेवणघर चालू असतं. सासूबाई आणि मी बाराला परत गेलो, वर भात, भाजी, दही शांतपणे जेवलो, त्या तासभर खोलीत आडव्या झाल्या, आणि तीनला आम्ही पुन्हा खाली. जहाजावर जैन किंवा भारतीय शाकाहारी जेवण हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच लिहून द्यायचं असतं.

तीननंतर लोक परतायला लागतात आणि किनारा पुन्हा मोकळा होतो. शेवटचा तास फार सुंदर, फक्त घड्याळ बघत राहा. धक्क्याजवळ पाय धुवायचे नळ असतात, तिथे मुलांच्या चड्ड्यांमधली वाळूही झाडून घ्या. नाहीतर ती खोलीतल्या पलंगात येते. शंख-पोवळी उचलू नका. मोठा गुलाबी शंख तर मुळीच नको, त्या प्राण्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि अमेरिकेच्या कस्टममध्ये त्याचं स्पष्टीकरण देत बसावं लागेल.

थांबाच रद्द झाला तर

आमच्या दुसऱ्या सहलीत दोन बेटं होती. एक वर लिहिलेलं. दुसरं टेंडरचं. सकाळी सातला कप्तानाचा आवाज आला: वारा फार आहे, थांबत नाही. बेट समोर दिसत होतं, माड हलताना दिसत होते, आणि जहाज वळलं. नातवानं वाळूची बादली हातात धरून ते पाहिलं. करारात लिहिलेलंच असतं की कंपनी मार्ग बदलू शकते, तेव्हा भांडून उपयोग नाही. त्या दिवसासाठी कंपनीमार्फत आधी भरलेले पैसे, म्हणजे स्नॉर्केल, कबाना वगैरे, परत मिळतात, आणि बंदर-कराची काही रक्कमही. पण ते खात्यावर खरंच जमा झाले का, हे शेवटच्या रात्रीच्या आत काउंटरवर जाऊन बघायचं. शेवटच्या सकाळी तिथली रांग जिन्यापर्यंत जाते. आमचे ऐंशी डॉलर दिसत नव्हते. मी कार्ड पुढे केलं, पोरीनं दोन मिनिटं काहीतरी टंकलं आणि कागद छापून दिला. तो कागद मी घडी करून चश्म्याच्या रिकाम्या डबीत ठेवला.